ए-लेव्हलला फिलॉसॉफी घ्यायची का? १५ वर्षं शिकवल्यावर जे दिसलं ते सांगते

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी यिअर इलेव्हनला (वय १५-१६) आहे, मॅथ्स आणि केमिस्ट्री ठरलंय, तिसरा विषय तुम्हाला बायोलॉजी हवाय, तिला फिलॉसॉफी, आणि त्यावरून घरात दोन आठवडे धुसफूस चाललीय. तुम्ही विचारलंय की हा विषय सॉफ्ट आहे का, त्यात मुलं नेमकं करतात काय, आणि पुढे युनिव्हर्सिटीला अर्ज करताना गाडं अडेल का. मी इंग्लंडमध्ये सिक्स्थ फॉर्मला (शाळेची शेवटची दोन वर्षं, ज्यांच्या शेवटी ए-लेव्हलची परीक्षा असते) हाच विषय १५ वर्षं शिकवतेय, त्यामुळे थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट तपासा, कारण यात दरवर्षी कोणीतरी फसतंच. शाळेच्या माहितीपत्रकात 'फिलॉसॉफी' लिहिलंय की 'फिलॉसॉफी अँड एथिक्स'? दुसरं असेल तर बहुतेक वेळा तो रिलिजस स्टडीजचाच कोर्स असतो, फक्त नाव जरा आकर्षक केलेलं. तो वाईट नाही हं, पण वेगळा आहे. उदाहरणार्थ ओसीआर बोर्डाच्या रिलिजस स्टडीजला दोन-दोन तासांचे तीन पेपर, प्रत्येकात चारातले तीन निबंध, ४० मार्कांचा एक, आणि त्यातला एक अख्खा पेपर धर्मविचारावर. निव्वळ फिलॉसॉफीचं ए-लेव्हल इंग्लंडमध्ये एकच बोर्ड घेतं, एक्यूए. आत्ताचा अभ्यासक्रम २०१७ च्या सप्टेंबरपासून शिकवला जातोय आणि त्याची पहिली परीक्षा २०१९ ला झाली. दोन पेपर, प्रत्येक तीन तासांचा, १०० मार्कांचा, सगळे प्रश्न कंपल्सरी, कोर्सवर्क नाही. मी पुढे जे बोलतेय ते सगळं याच कोर्सबद्दल.

पहिल्या पेपरात ज्ञान म्हणजे काय आणि नीती म्हणजे काय. दुसऱ्यात देव आणि मन. ऐकायला केवढं भव्य वाटतं ना, आणि इथेच मुलांचा गैरसमज होतो. रात्री जागून 'आयुष्याचा अर्थ काय' यावर बोलायला आवडतं म्हणून विषय घेतलेली मुलं माझ्याकडे दर सप्टेंबरला येतात, डोळ्यांत चमक असते, आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्यातली निम्मी हिरमुसलेली असतात कारण मी त्यांना त्यांचं मत विचारतच नाही. मी विचारते की देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने नेमकं काय म्हटलंय ते दोन वाक्यांत लिही, आणि त्यातला एक शब्द चुकला तर खोडते.

या प्रत्येक विभागात (ज्ञान, नीती, देव, मन) प्रश्न असे असतात: ३ मार्कांचा एक, ५ मार्कांचे दोन, १२ मार्कांचा एक आणि २५ मार्कांचा एक. बेरीज केलीत तर ५०. यातल्या पहिल्या चार प्रश्नांत, म्हणजे बरोब्बर निम्म्या मार्कांत, स्वतःचं मत लिहायचंच नाही. लिहिलं तर त्याला मार्क मिळत नाहीत आणि वेळ जातो तो वेगळाच. फक्त समजावून सांगायचं, पण इतकं अचूक की त्यात ना काही कमी ना काही जास्त. ३ मार्कांच्या प्रश्नाला मुलं अर्धं पान लिहितात, सगळं बरोबर असतं, तरी पूर्ण मार्क मिळत नाहीत कारण उत्तर नेमकं नाही, फापटपसारा आहे. पालक मीटिंगमध्ये विचारतात, जास्त लिहिलं म्हणून मार्क कमी, हा कुठला न्याय? पण खरं सांगू का, अख्ख्या कोर्समध्ये मला सगळ्यात जास्त काही शिकवता येतं ते या ३ मार्कांच्या प्रश्नावर. एखादी गोष्ट दोन वाक्यांत सांगता येत नसेल तर ती कळलेली नसते, नुसती ओळखीची झालेली असते.

आपल्याकडे यासाठी फार छान शब्द आहे, पूर्वपक्ष. शास्त्रार्थात आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, त्याला स्वतःला पटेल इतकं नीट मांडायचं, आणि मग आपला उत्तरपक्ष. हा विषय ७५ टक्के पूर्वपक्षाचा आहे असं मी म्हणते (हा आकडा माझा, बोर्डाचा नाही). बोर्डाच्या हिशोबाने ६० टक्के मार्क समजण्याला आणि मांडण्याला आहेत, ४० टक्के परीक्षणाला, पण पूर्वपक्ष कच्चा असेल तर त्या ४० मधलंही फारसं हाती लागत नाही.

एक उदाहरण घेऊ म्हणजे वर्गात काय चालतं ते कळेल. ज्ञान म्हणजे काय? जुनी व्याख्या अशी की एखादी गोष्ट खरी हवी, तुमचा त्यावर विश्वास हवा, आणि त्या विश्वासाला योग्य आधार हवा. तिन्ही असलं की झालं ज्ञान. मुलं म्हणतात हो बरोबर, यात काय एवढं. मग मी १९६३ सालचा एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाचा लेख काढते, तीन पानांचा. त्यात स्मिथ आणि जोन्स एकाच नोकरीसाठी आलेत. स्मिथला कंपनीच्या प्रमुखाने सांगितलंय की नोकरी जोन्सला मिळणार, आणि स्मिथने जोन्सच्या खिशातली नाणी मोजलीत, १० आहेत. म्हणून स्मिथ मानतो की ज्याला नोकरी मिळणार त्याच्या खिशात १० नाणी आहेत. प्रत्यक्षात नोकरी मिळते स्मिथलाच, आणि त्याला माहीत नसतं पण त्याच्याही खिशात १० नाणी असतात. म्हणजे त्याचं मानणं खरं होतं, आधारही होता, तरी आपण म्हणू का की त्याला ते 'माहीत होतं'? नाही ना.

इथे वर्गातला पहिला हात वर होतो आणि नव्वद टक्के वेळा तोच मुद्दा येतो: मिस, पण त्याच्याकडे खरा आधार नव्हताच, ती माहिती चुकीची होती. आणि इथे खरं काम सुरू होतं. मी म्हणते, बरं, आधार खरा असायलाच हवा असं म्हणायचंय का तुला? मग रोज आपण ज्याला ज्ञान म्हणतो त्यातलं किती उरेल? तू आज सकाळी टाइमटेबल बघून आलीस, ते चुकीचं छापलेलं असू शकलं असतं की नाही? कोणीतरी म्हणतं, मग चौथी अट घालू, वाटेत कुठेही खोटी पायरी नको. वा, हा अभ्यासक्रमातलाच एक पर्याय आहे, आणि तो त्या मुलीने स्वतः शोधलेला असतो. पण मग मी एक असं उदाहरण देते जिथे खोटी पायरीच नाही. रस्त्याच्या कडेला सगळी धान्याची कोठारं नुसता देखावा आहेत, फक्त पुढची भिंत, मागे काही नाही, आणि माणूस योगायोगाने त्यातल्या एकमेव खऱ्या कोठाराकडे बघून म्हणतो की हे कोठार आहे. आता? अशा तासात पन्नास मिनिटं कशी जातात कळत नाही, आणि घंटा झाल्यावर भांडत भांडत कॉरिडॉरमध्ये जातात.

आता एक माझी खंत, विषयाला सोडून नाही. हे कोडं काही १९६३ ला जन्माला आलेलं नाही. आठव्या शतकात धर्मोत्तर नावाच्या बौद्ध तत्त्वज्ञाने अशीच उदाहरणं दिलीत: तहानलेल्या माणसाला लांबून पाणी दिसतं, ते असतं मृगजळ, पण तो तिथे पोचतो तेव्हा दगडाखाली खरंच पाणी सापडतं. बाराव्या शतकात श्रीहर्षानेही प्रमेच्या (खऱ्या ज्ञानाच्या) व्याख्यांची अशीच चिरफाड केली. अभ्यासक्रमात यातला कोणीही नाही, एकही भारतीय नाव नाही, चिनी नाही, अरबी परंपरेतूनही फक्त देवाच्या कॉस्मॉलॉजिकल आर्ग्युमेंटचा (जगाला काहीतरी मूळ कारण हवं, म्हणून देव आहे, या युक्तिवादाचा) एक प्रकार, कलाम, तेवढा डोकावतो. मी वर्गात दहा मिनिटं चोरून मृगजळ सांगते. तुमच्या मुलीने घरी रज्जुसर्पाचं उदाहरण ऐकलं असेल, दोरीला साप समजण्याचं, तर 'डोळ्यांना दिसतं ते जसंच्या तसं असतं का' हा धडा तिला आपलासा वाटेल, फक्त परीक्षेत तिला पाण्यात वाकडी दिसणारी काठी लिहावी लागेल.

देवाच्या भागाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असणार, कारण आपल्या घरांतून मला हे हमखास विचारतात. नाही, मुलगी नास्तिक होऊन घरी येत नाही, आणि ख्रिश्चनही होत नाही. इथे देव म्हणजे सर्वज्ञ, सर्वशक्तिमान आणि पूर्ण चांगला असा एकच कर्ता, आणि प्रश्न एवढाच की त्याच्या अस्तित्वासाठी दिलेली आर्ग्युमेंट टिकतात का. अॅन्सेल्म हा अकराव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत म्हणतो ज्याच्यापेक्षा मोठ्या कशाचा विचारच करता येत नाही ते नुसतं मनात असून कसं चालेल, प्रत्यक्षातही असलंच पाहिजे. त्यावर त्याच्याच काळातला गौनिलो नावाचा संन्यासी म्हणतो, मग याच न्यायाने सगळ्यात परिपूर्ण बेटही कुठेतरी असलंच पाहिजे की. उलट आपल्या मुलांना इथे एक फायदा होतो असं मी पाहिलंय. त्यांच्या घरचा देव असा नसतो, त्यामुळे ती आर्ग्युमेंटकडे आर्ग्युमेंट म्हणून बघतात, मनाला लावून घेत नाहीत.

नीतीच्या भागात मुलं सगळ्यात जास्त बोलतात आणि सगळ्यात वाईट लिहितात. त्यात बेंथम-मिलचा उपयुक्ततावाद (ज्यातून सगळ्यांचं मिळून जास्तीत जास्त सुख होईल ते योग्य), कांटचा कर्तव्याचा विचार, अॅरिस्टॉटलचा सद्गुणांचा विचार, आणि या तिघांना चार ठरलेल्या प्रश्नांवर लावून बघायचं असतं: चोरी, खोटं बोलणं, प्राणी खाणं, आणि गेम-नाटक-सिनेमातली खोटी हत्या. शेवटचा आला की मागच्या बाकावरची मुलंही जागी होतात. 'मिस, गेम आहे तो, कोण मरतंय?' ठीक, हे बेंथमला चालेल कदाचित, खेळणाऱ्याला मजा आणि दुखापत कोणालाच नाही. पण कांट? त्याचं प्राण्यांबद्दल म्हणणं होतं की त्यांच्याशी क्रूर वागलं तर आपल्यातली माणसांबद्दलची कणव बोथट होते, ते इथे लागू करता येतं का? आणि अॅरिस्टॉटल तर म्हणेल की जे रोज करतोस तसाच तू घडतोस, मग रोज दोन तास तू काय घडवतोयस? लिहिताना मात्र सगळी 'मला वाटतं की'ने सुरुवात करतात आणि तिथेच घसरतात.

२५ मार्कांचा निबंध हा या विषयाचा खरा घाट. यिअर ट्वेल्व्हमध्ये नोव्हेंबरच्या आसपास, ज्यांना जीसीएसईला (यिअर इलेव्हनच्या परीक्षेला) सगळीकडे ८ आणि ९ हे सगळ्यात वरचे ग्रेड होते अशी मुलं पहिल्या निबंधाला डी ग्रेड बघतात आणि रडतात, पालकांचे मेल येतात. घाबरू नका. काय होतं की तोवर त्यांना सवय असते की दोन मुद्दे बाजूने, दोन विरुद्ध, आणि शेवटी 'म्हणून दोन्ही बाजूंत तथ्य आहे'. इथे ते चालत नाही. पहिल्या परिच्छेदात सांगायचं की मी काय सिद्ध करणार आहे, मग प्रत्येक मुद्दा त्या दिशेने न्यायचा, विरोधी मुद्दा आला तर तो मांडून त्याला उत्तर द्यायचं, ते उत्तर पुरेसं आहे का तेही बोलायचं, आणि कुठला आक्षेप जीवघेणा आहे आणि कुठला नुसता ओरखडा, हे वजन दाखवायचं. सहा आक्षेपांची यादी देणाऱ्यापेक्षा दोन आक्षेपांच्या मुळाशी जाणारा पुढे जातो. हल्ली चॅटबॉटकडून लिहून आणलेले निबंधही येतात, ते मला तिसऱ्या ओळीत ओळखू येतात कारण त्यात सगळं असतं आणि कोणी कशाच्याच बाजूने उभं नसतं.

वेळेचं गणितही निर्दयी आहे. १८० मिनिटांत १०० मार्क, म्हणजे २५ मार्कांना ४५ मिनिटं, आणि असे दोन निबंध एकाच पेपरात. तीन तास हाताने लिहिण्याची सवय आताच्या मुलांना नसते, ती करावी लागते.

पाठांतर आहे का? आहे, आणि भरपूर आहे, हे कोणी आधी सांगत नाही. कोण काय म्हणालं, कोणत्या पायऱ्यांनी म्हणालं, त्यावर आक्षेप कोणाचा. मनाच्या भागातच देकार्तचा द्वैतवाद (मन आणि शरीर ही दोन वेगळी तत्त्वं), त्यावर बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथचा आक्षेप की जे अवकाशात नाहीच ते मन शरीराला ढकलतं कसं (हा पत्रव्यवहार १६४३ पासूनचा, आणि तिने पंचविशीच्या आत देकार्तला असं खिंडीत पकडलं होतं हे मी मुलींना मुद्दाम सांगते), मग राइल (मनाबद्दल बोलणं म्हणजे वागण्याबद्दल बोलणं, असं म्हणणारा), मग जॅक्सनची ती काळ्या-पांढऱ्या खोलीतली मेरी (रंगांबद्दल सगळं वाचलेली, पण रंग कधीच न पाहिलेली), मग फंक्शनलिझम (मन म्हणजे ते जे काम करतं ते). पण नुसती घोकंपट्टी करून १२ मार्कांच्या प्रश्नात पायऱ्यांचा क्रम चुकला की सगळं कोसळतं, भूमितीतल्या प्रमेयासारखं.

आणि म्हणूनच तुमच्या मुलीचं मॅथ्स मला चांगलं लक्षण वाटतं. माझ्याकडची कितीतरी चांगली मुलं मॅथ्सवाली असतात. गृहीतकं कुठली, निष्कर्ष कुठला, गृहीतकं खरी मानली तर निष्कर्ष टाळता येतो का, ही सवय त्यांच्या हाडात असते, आणि ती छोटी वाक्यं लिहितात. इंग्लिश लिटरेचरवाली मुलं सुंदर लिहितात आणि मी त्यांची सुंदर वाक्यं खोडत बसते, मलाही वाईट वाटतं. इंग्रजी साधं पण स्वच्छ असेल तर पुरतं. जीसीएसईला फिलॉसॉफी नसतेच, त्यामुळे सगळे एकाच रेषेवरून धावायला सुरुवात करतात.

सॉफ्ट विषय म्हणतात त्याचं मूळ सांगते. रसेल ग्रुप या ब्रिटनमधल्या नामवंत युनिव्हर्सिट्यांच्या गटाची एक 'फॅसिलिटेटिंग सब्जेक्ट्स'ची यादी होती, त्यात मॅथ्स, सायन्स, हिस्टरी, जिऑग्रफी, इंग्लिश लिटरेचर, भाषा वगैरे होतं, फिलॉसॉफी नव्हती. ती यादी होती कोणते विषय जास्तीत जास्त कोर्सेसना मागितले जातात याची, सोपं-अवघड याची नाही, पण पालकांनी तिचा अर्थ तसा लावला. २०१९ ला त्यांनी ती यादीच काढून टाकली, तरी व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती अजून फिरतेय. युनिव्हर्सिटीचे अर्ज घेणाऱ्या यूसीएएस या संस्थेच्या पॉइंट्समध्ये ए ग्रेड म्हणजे ४८, मग तो केमिस्ट्रीचा असो की फिलॉसॉफीचा.

पण (आणि हा 'पण' मोठा आहे) दारं बंद होतात की नाही हे फिलॉसॉफीवर नाही, तिच्यामुळे जे सुटतं त्यावर ठरतं. मेडिसिनचा विचार असेल तर केमिस्ट्री जवळपास सगळीकडे लागते आणि बऱ्याच ठिकाणी बायोलॉजीही, त्यामुळे मॅथ्स-केमिस्ट्री-फिलॉसॉफी घेऊन मेडिसिनच्या कॉलेजांची निवड बरीच अरुंद होईल. तुम्ही बायोलॉजीसाठी अडून बसलायत ते यासाठीच असेल तर आधी तिला विचारा की तिला डॉक्टर व्हायचंय का, फिलॉसॉफीवर भांडू नका, तो खरा वाद नाहीये तुमचा. लॉ, इकॉनॉमिक्स, कम्प्युटर सायन्स, केमिस्ट्रीच यातलं काही असेल तर हे तीन विषय चालतात, फक्त प्रत्येक कोर्सचं पान उघडून अटी वाचा, कारण त्या बदलतात आणि इकॉनॉमिक्स-कम्प्युटरवाले काही ठिकाणी फर्दर मॅथ्स हा वेगळा ए-लेव्हल विषयही बघतात. लॉसाठी काही युनिव्हर्सिट्या एलनॅट ही प्रवेशपरीक्षा घेतात, ९५ मिनिटांत उताऱ्यांवर ४२ प्रश्न आणि मग ४० मिनिटांत एक निबंध, तिथे हा विषय केलेली मुलं निवांत असतात कारण दोन वर्षं तेच करत असतात. आणि गंमत म्हणजे फिलॉसॉफीच्या डिग्रीला फिलॉसॉफी ए-लेव्हल सहसा मागतच नाहीत.

ती टिकेल का हे बघायचं असेल तर जाडजूड पुस्तकं आणू नका. देकार्तच्या मेडिटेशन्समधलं पहिलं प्रकरण घ्या, थोडक्या पानांचं आहे, इंग्रजी भाषांतर नेटवर सहज मिळतं. तिला सांगा की देकार्त संशय तीन टप्प्यांत कसा वाढवत नेतो ते एका पानावर लिही, आपलं काहीही न घालता. लिहून झालं की तुम्ही वाचा आणि जिथे कळणार नाही तिथे फक्त विचारा, 'म्हणजे काय?' आणि 'कशावरून?' वाद घालू नका, जिंकू नका, नुसतं विचारा. तिने ते तिसऱ्यांदा लिहिलं आणि तरी तिला त्याचा राग न येता चेव आला तर तिला घेऊ दे हा विषय. पहिल्याच वेळी 'कंटाळा आहे, मला याच्यावर माझं मत लिहायचंय' म्हणाली तर निदान तुम्हा दोघींना बोलायला काहीतरी ठोस मिळालं.

आणि अगदीच ठरत नसेल तर शाळेला विचारा की चार विषयांनी सुरुवात करून एक नंतर सोडता येतो का, किंवा सप्टेंबरात पहिल्या काही आठवड्यांत बदल करू देतात का. बऱ्याच ठिकाणी देतात, पण मुदत प्रत्येकाची वेगळी, आणि टाइमटेबलच्या एकाच रकान्यात बायोलॉजी आणि फिलॉसॉफी दोन्ही आले असतील तर चार विषयांचा मार्ग तिथेच संपतो, म्हणून ते आधी बघून घ्या.